शून्य मात्रा, दोन हप्त्यांत

कोणालाही काहीतरी देणे सोपे असते. देण्याघेण्यात माणसाची निम्मी हयात जाते आणि त्यासाठी कोणी वेगळे शिक्षण घेत नाही. पण एखाद्याला काहीही न देणे, तेही सलग नऊ वर्षे, ठरल्या वेळी, नोंदवहीत सही करून, हे कोणा ऐऱ्यागैऱ्याचे काम नाही. त्याला शिस्त लागते, कुलूप लागते आणि एक उपसमिती लागते. आमच्या गहू पोषण संशोधन केंद्राकडे ही तिन्ही आहेत. कुलपे तर दोन आहेत.

मी या केंद्रात अहवाल लेखक आहे. शास्त्रज्ञ प्रयोग करतात आणि मी त्यांची वाक्ये करतो. त्यांना नुसते 'दिसले' तर मी ते 'निदर्शनास आले' असे लिहितो. त्यांना काहीच दिसले नाही तर 'अधिक संशोधनास वाव आहे' असे लिहितो. (केंद्राच्या आजवरच्या अहवालांत वाव एकूण चारशे अकरा वेळा आहे. दुसऱ्या कोणत्याही संस्थेकडे एवढा वाव असल्याचे ऐकिवात नाही.)

ज्यांना गव्हाची ओळख फक्त पिठातून आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. गव्हाला पोटभर लागतात ती नत्र, स्फुरद आणि पालाश ही जड मंडळी. पण त्याखेरीज जस्त, बोरॉन, मँगनीज, तांबे अशी काही द्रव्ये त्याला चिमूटभर लागतात. त्यांना सूक्ष्म अन्नद्रव्ये म्हणतात. ती नसली तरी गहू उगवतो, उभाही राहतो, पण त्याचे कशात लक्ष लागत नाही. पाने फिकट पडतात, ताटे खुजी राहतात, दाणा भरायची वेळ आली की तो दुसरीकडे बघतो. मुळांनी जमिनीतून यांतले किती उचलले हे पाहायचे तर पान जाळून त्याची राख तपासावी लागते. (पानाला विचारून चालत नाही. एका प्रशासकीय अधिकाऱ्याने खर्चकपातीसाठी तशी सूचना केली होती.)

तर प्रश्न असा होता की आमच्या भागातल्या गव्हाला एकरी किती जस्त द्यावे? हा प्रश्न नऊ वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी विचारला. ते निवृत्त झाले. प्रश्न अजून सेवेत आहे.

त्यासाठी केंद्राच्या मागच्या शेतात आठ वाफे आखले. दुसऱ्या वाफ्याला थोडे जस्त, तिसऱ्याला आणखी थोडे, असे करत आठव्यापर्यंत. पहिल्याला मात्र काहीही नाही. त्याला शून्य वाफा म्हणतात. त्याने फिकट आणि खुरटे राहावे, म्हणजे त्याच्या शेजारी बाकीच्यांची शान दिसते, एवढेच त्याचे काम. असा एक भाऊ प्रत्येक घरात असतो.

पहिल्याच वर्षी शून्य वाफा टवटवीत निघाला. सर्वांत चांगला नव्हे, पण वर्गात तिसरा.

केंद्राच्या संचालकांना आम्ही मोठे साहेब म्हणतो. (लहान साहेब कोणी नाही. पण मोठ्या साहेबांना नुसते साहेब म्हणणे बरे दिसत नाही.) साहेबांनी वाफ्याच्या बांधावर उभे राहून बराच वेळ विचार केला आणि निष्कर्ष काढला की याला कोणीतरी चोरून काहीतरी देत आहे. ही गोष्ट त्यांनी अतिशय मनाला लावून घेतली. त्या दिवसापासून शून्य वाफ्याच्या संरक्षणाचे पर्व सुरू झाले.

आधी कुंपण घालायचे ठरले. साध्या तारेची जाळी समितीने फेटाळली, कारण साधी तार गंजते, गंज म्हणजे लोह, आणि लोह म्हणजे काहीतरी. म्हणून कधीही न गंजणारी, चकचकीत जीआयची जाळी पुरुषभर उंचीची बसवली. दुसऱ्या वर्षी शून्य वाफा वर्गात दुसरा आला. तेव्हा पाखरांच्या विष्ठेवर संशय जाऊन वरूनही जाळी टाकली. पाण्यावर संशय आला तेव्हा त्याला स्वतंत्र टाकी आणि स्वतंत्र नळ दिले, त्याच न गंजणाऱ्या चकचकीत पत्र्याचे. पाचव्या वर्षी शून्य वाफा पहिला आला. साहेबांनी जाळीच्या बाहेर दुसरी जाळी उभारली, कारण पहिली जाळी कोणी ओलांडल्याचे कधीच दिसले नाही, हेच संशयास्पद होते.

दारावर नियमांचा फलक लागला. आत जाताना खिशात नाणी नकोत. किल्ल्यांचा जुडगा नको. चष्म्याची काडी धातूची असल्यास चष्मा काढून जावे (आत काय आहे ते बाहेरून पाहून ठेवावे). शिंकू नये. राखणदाराची पितळी शिट्टी जप्त झाली, कारण पितळेत जस्त असते आणि तो ती दिवसातून चारदा वाफ्याच्या दिशेने फुंकत असे. तेव्हापासून तो चोर दिसल्यास टाळ्या वाजवतो. त्यामुळे चोराला उगाच कौतुक झाल्यासारखे वाटते, अशी त्याची लेखी तक्रार आहे.

या सगळ्याचा गव्हावर झालेला परिणाम मी आकड्यांत मांडला. जाळीचे थर आणि शून्य वाफ्याचा हिरवेपणा यांचा सहसंबंध ०.९७ निघाला. इतका देखणा आकडा केंद्राच्या इतिहासात आला नव्हता. तो मी अठ्ठ्याऐंशीव्या पानावर ठळक अक्षरांत छापला. सर्वांनी त्याचे कौतुक केले. त्याचा अर्थ मात्र कोणी काढला नाही, कारण सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे आमच्याकडे शिपायालाही पाठ आहे.

आठव्या वर्षी साहेबांना साक्षात्कार झाला. भर बैठकीत ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आठ वर्षं आपण संशय घेत राहिलो. कुणावर? या गव्हावर. तो बिचारा ओरडून सांगतोय की मला काही नको!" एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांचे डोळे पाणावले. (त्यांना दोन वाफ्यांचे खत फुकट गेल्याचे आठवले होते, असे नंतर कळले.)

अशा प्रकारे 'शून्य मात्रा' ही शिफारस जन्माला आली. ती मीच लिहिली आणि ती माझ्या उत्तम लेखनांपैकी एक आहे, हे नम्रपणे नमूद करतो. गव्हाला सूक्ष्म अन्नद्रव्ये म्हणून काहीही देऊ नये. हे काहीही एकदम न देता दोन हप्त्यांत विभागून द्यावे: पहिला हप्ता पेरणीनंतर पंचविसाव्या दिवशी, दुसरा पंचेचाळिसाव्या. शेतकऱ्याला हप्ता चुकल्यासारखे वाटू नये म्हणून त्या दिवशी पाठीवर रिकामा फवारणी पंप घेऊन शेतात एक चक्कर मारावी. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चालू नये.

शिबिरे झाली. सहाशे चाळीस शेतकऱ्यांना काहीही न देण्याचे प्रशिक्षण मिळाले. प्रश्नोत्तरे रंगली. जमीन हलकी असेल तर मात्रा दुप्पट करावी का, असे एकाने विचारले. साहेबांनी सांगितले की करता येईल, पण माती परीक्षण करून.

आता लॅबवाल्या बाईंबद्दल सांगायला हवे. पाने जाळून राख तपासणे हे काम त्या बावीस वर्षे करीत आहेत. केंद्रात पाच शब्दांपेक्षा लहान वाक्ये बोलणारी ही एकमेव व्यक्ती. पेरणीच्या महिनाभर आधी मी त्यांच्या खोलीत चहा पीत बसलो होतो. भट्टीजवळ ऊब असते म्हणून मी तिथे बसतो. बाईंनी राखेची मूस बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "जाळी जस्ताची आहे."

मी म्हणालो, "जाळी जीआयची आहे."

"जीआय म्हणजे लोखंडावर जस्त. म्हणून गंजत नाही."

मी कप खाली ठेवला. मग बाईंनी सांगितले ते असे: रात्रभर जाळीवर दव साचते, पहाटे ते थेंबाथेंबाने खाली पडते आणि येताना थोडे जस्त घेऊन येते. टाकी तेच करते, नळ तेच करतो. गव्हाला लागते चिमूटभर. पहिल्या वर्षी जमिनीतल्या जुन्या जस्तावर त्याचे भागले; पुढची सात वर्षे ती चिमूट त्याला रोज मिळत होती, तीही कुलपात. जाळीखालचे पाणी बाईंनी बाटलीत धरून तपासले होते. आकडा त्यांनी मला दाखवला. वाक्य करायची गरजच नव्हती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. कुंपणाने शेत खाल्ल्याची म्हण आपण ऐकून होतो. आमच्या कुंपणाने शेताला खाऊ घातले होते.

"साहेबांना सांगितलंत?"

"तीनदा. लेखी."

साहेबांचे उत्तर त्यांनी फायलीतून काढून दिले. ते तर्काच्या दृष्टीने निर्दोष होते. शून्य वाफ्याला द्यायच्या वस्तूंच्या यादीत कुंपण नाही, सबब कुंपणाने वाफ्याला काही दिले असे म्हणता येत नाही. शिवाय कुंपण हे केंद्राच्या दप्तरी स्थावर मालमत्तेत मोडते, खतात नाही. तळाशी साहेबांच्या हस्ताक्षरात एक ओळ होती: नमुना घेताना बाईंच्या बोटात अंगठी होती काय, याचा खुलासा करावा.

मी काय केले ते सांगतो, कारण या गोष्टीत लपवण्यासारखे तेवढेच आहे. त्या वेळी माझ्या बढतीचा कागद साहेबांच्या टेबलावर होता. मी बाईंचा आकडा अहवालात घातला. दोनशे बाराव्या पानावर, तळटीप क्रमांक नऊ, दृष्टीला त्रास होणार नाही इतक्या बारीक अक्षरांत. सत्य सांगितल्याचे समाधान मिळाले आणि ते कोणाला कळले नाही याचेही.

आणि मग ताईचा फोन आला.

ताई माझी थोरली बहीण. भावजींचे गुडघे गेल्यापासून सहा एकरांचा गहू तीच बघते. सहा एकर आणि त्यावर घरातली सहा माणसे, असा सरळ हिशेब आहे. तिची जमीन चुनखडीची. तिथे जस्त असले तरी मुळांना सापडत नाही, म्हणून ती दर वर्षी पेरणीला झिंक सल्फेट घालते. हे तिला तिच्या सासूने सांगितले होते. सासूला कोणत्याही केंद्राने सांगितले नव्हते.

"अरे, तुमच्या शिबिरात आम्हाला सांगितलं, यंदा काही घालूच नका. मी दर वर्षी झिंक घालते. घालू का नको?"

"शिफारस तशी आहे, ताई."

"शिफारस ऐकली मी. तू काय म्हणतोस? तू आतला माणूस."

मला दोनशे बारावे पान आठवले. मला साहेबांचे टेबलही आठवले. मी म्हणालो, "शिफारशीच्या बाहेर जाऊन मी काय म्हणणार?"

"बरं मग. तू म्हणतोस तर नाही घालत," असे म्हणून तिने फोन ठेवला. मी तसे म्हटले नव्हते, हे कोणत्याही चौकशीत सिद्ध करता आले असते. तरी मला लाज वाटली. बराच वेळ वाटली. पुढचे कित्येक दिवस घरी फोन वाजला की मी बाथरूममध्ये जात असे.

पेरणीनंतर अडतिसाव्या दिवशी ताई केंद्रात आली. राखणदाराने तिला पाहून टाळ्या वाजवल्या. तिने पिशवीतून मुळासकट उपटलेली गव्हाची चार रोपे काढून माझ्या टेबलावर, अहवालाच्या गठ्ठ्यावर ठेवली. पानांवर फिकट पट्टे पडले होते आणि रोपे वीतभरही नव्हती.

"सहाच्या सहा एकरांत असंच आहे," ती म्हणाली. "पंप पाठीला लावून हिंडले मी, रिकामा. तुझे भावजी खाटेवरून हसत होते. मी म्हटलं, हसू नका, माझा भाऊ आहे तिथं."

मी तिला बाईंच्या खोलीत नेले. बाईंनी पाने धुतली, वाळवली, जाळली आणि संध्याकाळपर्यंत सांगितले की जस्त हवे त्याच्या निम्मेही नाही. मग जाळीची गोष्ट सांगितली. माझ्याकडे बघून त्यांनी एक वाक्य जास्तीचे खर्च केले: "यांना पेरणीआधीच सांगितलं होतं."

ताई माझ्याकडे वळली. मी कपाटातून अहवाल काढला, दोनशे बारावे पान उघडले आणि तळटिपेवर बोट ठेवले. तिने चष्मा लावून ती दोनदा वाचली. (अहवालाच्या अठराशे प्रती निघाल्या. ही तळटीप वाचणारी ती पहिली.)

"छान लिहिलंयस," ती म्हणाली. "मग फोनवर एवढंच बोलायला काय झालं होतं? दोन शब्द होते. झिंक घाल."

मी खाली मान घातली. ज्याचे जळते त्यालाच कळते असे म्हणतात, पण मला कळत असूनही मी तिचे जळू दिले, हे त्याहून वाईट.

बाईंनी उपाय सांगितला. झिंक सल्फेट आणि चुन्याची निवळी पाण्यात मिसळून लगेच फवारायचे, पंधरवड्याने पुन्हा. सगळे पीक परत येणार नाही, बरेचसे येईल. ताईने कागदावर लिहून घेतले आणि मग दारात थांबून विचारले, "आणि बाकीच्या सहाशे एकोणचाळीस जणांचं काय?"

मी तिला कार्यपद्धती समजावून सांगितली. शिफारस मागे घ्यायची तर आधी फेरविचार समिती लागते. ती नेमायला उपसमिती लागते. उपसमितीची पुढची बैठक कापणीनंतर होती.

"तोवर गहू थांबेल का?"

मी म्हणालो की याबाबत अधिक संशोधनास वाव आहे. ती निघून गेली.

पुढचे तिने मला विचारून केले नाही. वाटेत ती पिठाच्या गिरणीत थांबली. तिथे नेहमीप्रमाणे सात-आठ जणी डबे घेऊन बसल्या होत्या. ताईने कोणाला शास्त्र सांगितले नाही, दव सांगितले नाही, सहसंबंध तर नाहीच नाही. ती एवढेच म्हणाली की या शून्य मात्रेच्या गव्हाचे पीठ खाणाऱ्यांच्या नखांवर पांढरे ठिपके येतात. नखाच्या मधोमध, अर्ध्या तांदळाएवढे. सगळ्या नखांवर नसतात, एकदोनच असतात, म्हणून लक्षात येत नाहीत. अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट नीट उजेडात धरून पाहावे लागते.

केंद्राच्या नऊ वर्षांच्या विस्तारकार्याला जे साधले नाही ते तीन दिवसांत साधले. पहिल्या दिवशी गिरणीवाल्याने स्वतःची नखे पाहून गिरणी बंद ठेवली. दुसऱ्या दिवशी सगळ्या दुकानांतले झिंक सल्फेट संपले. तिसऱ्या दिवशी केंद्राच्या फाटकाशी माणसे हात पुढे करून उभी होती आणि राखणदाराने दुपारपर्यंत एकशे चौदा माणसांची नखे तपासली. (एकशे नऊ बाधित. उरलेल्या पाच जणांच्या नखांना रंग लावलेला होता.) कोणीही आमचा अहवाल मागितला नाही, आकडा मागितला नाही, समिती मागितली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मोठे साहेब बाईंच्या खोलीत आले, दार लावून घेतले आणि उजवा अंगठा पुढे केला. ठिपका होता. बाईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "जाळी जस्ताची आहे, साहेब." या वेळी साहेबांना ते पटकन कळले. माणसाला स्वतःच्या अंगठ्यावर लिहिलेले लगेच वाचता येते.

दुपारी परिपत्रक निघाले. ते मीच लिहिले. शून्य मात्रेची शिफारस कायम आहे. तथापि त्या शून्यात किंचित वाढ करून ते एकरी दहा किलो झिंक सल्फेट करण्यात येत आहे, आणि उभ्या पिकावर तातडीने फवारणी करावी. पुढच्या हंगामात साहेबांना या दूरदृष्टीबद्दल मानपत्र मिळाले. माझी बढतीही झाली. जाळी स्थावर मालमत्ता असल्याने काढता आली नाही, म्हणून शून्य वाफाच उचलून शेताच्या दुसऱ्या टोकाला नेला.

ताईचे चार एकर सावरले. दोन एकरांत दाणा भरलाच नाही, आणि त्या वर्षी तिच्या घरी सहा माणसांत चार एकर वाटले गेले. ती आता मला फोन करते, पण काही विचारत नाही. पूर्वी ती विचारायची तेव्हा मला कटकट वाटायची. आता त्या प्रश्नांसाठी जीव तुटतो, आणि हे कोणत्या पानावर लिहावे ते मला कळत नाही.

शास्त्रीय नोंद म्हणून एक खुलासा करतो. नखांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांचा आणि गव्हातल्या जस्ताचा संबंध आहे असा आमच्या केंद्राकडे कसलाही पुरावा नाही. नख कुठेतरी आपटले की ठिपका येतो आणि नखाबरोबर वाढून निघून जातो, असे बाईंचे मत आहे. बाकी सगळे ताईने गिरणीच्या पायरीवर बसल्या बसल्या रचले; शून्य मात्रेचा गहू तर तोवर कापलाही नव्हता, मग त्याचे पीठ कुठून येणार. हे मी थोडे आधीच सांगायला हवे होते. पण त्या वेळी, वाचकहो, आपले वाचनात लक्ष नव्हते. आपण बोटे उजेडात धरली होती. बहुतेकांनी डाव्या हाताची, कारण उजव्यात पुस्तक होते. आपण पुरावा मागितल्याची नोंद आमच्याकडे नाही, आणि तोवर साहेबांना हसत होता ते आपणच.